आपल्याच घरी सावडीला

१३ एप्रिल १९७१, मंगळवार. कुरडयांचे गहू भिजत घातले.

तारीख पक्की लक्षात आहे, कारण मुलीच्या लग्नाच्या तिथीपासून मागं मोजत मी त्या मंगळवारापाशी येऊन थांबले होते. लग्न वैशाखात होतं. रुखवतात कुरडया हव्यातच. कुरडयांना कडक ऊन हवं, आणि त्याआधी गहू तीन दिवस भिजायला हवेत. तेव्हा सकाळी मोठ्या पातेल्यात गहू धुऊन घेतले, वर चार बोटं राहील इतकं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि मनाशी म्हटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

मार्गी काही लागलं नव्हतं. घरात जी अर्धवट कामं पडली होती त्यांत आणखी एकाची भर पडली, एवढंच.

तेव्हा घर कसं होतं ते सांगते. ओसरीची एक भिंत चुन्यानं पांढरी, बाकीच्या धुरकट. चुन्याची बादली भिंतीशी तशीच, वर साय धरून कडक झालेली. माळ्यावरून पितळी भांडी खाली काढलेली, त्यांतली चिंचेनं घासून झालेली दोनच. अंगणात मिरच्या, अर्ध्यांची देठं खुडलेली, अर्ध्या देठासकट. पाहुण्यांना अंथरायला लागतील म्हणून गोधड्या दुरुस्तीला काढलेल्या, त्यांतली एक उसवून माजघरात पसरलेली. शिलाईच्या मशीनवर मुलीचं पोलकं, एका बाहीचं. कुरडयांच्या सोऱ्याचा दांडा आदल्या वर्षी तडकला होता, तो कोनाड्यात तसाच. आणि या सगळ्यांतून वाट काढत मी. कमरेला किल्ल्या, हातात काहीतरी उचललेलं, आणि ते कशासाठी उचललं हे विसरलेलं.

मी बसून राहणारी बाई नाही. माहेरी सातवीपर्यंत शिकले ती शेरडं राखत राखत, आणि सासरी आले ती दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. आमचं गाव देवळाली प्रवराच्या पलीकडे, कॅनॉलच्या पाण्यावरचं. ऊस, गहू, दोन म्हशी, बैल. इथं कुणाला बसायला वेळ नसतो. त्यामुळं मला झालं होतं ते काय, हे माझं मलाच कळत नव्हतं. ताप नव्हता. जेवण जात होतं. सकाळी उठून मी कामाला लागत होते. पण चुन्याचा कुंचला हातात घेतला की मिरच्या आठवायच्या, मिरच्यांपाशी बसले की भांडी दिसायची, भांड्यांना हात लावला की छातीत धडधडायला लागायचं की अजून आहेराची लुगडी बघायचीत, मांडवाचं सांगायचंय, मानपान कुणाकुणाचे ते आठवायचंय. मग मी उठायची आणि तिसरंच काहीतरी सुरू करायची. संध्याकाळी अंग मोडून आलेलं असायचं आणि पुरं झालेलं काही नसायचं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवाळीच्या आधी वारल्या होत्या. त्याआधी सहा-सात महिने त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आदल्या वर्षी ऐन वाळवणाच्या दिवसांत अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचं सगळं मीच केलं. त्याचं मला काही सांगायचं नाही, ते करायचंच असतं. सांगायचं ते वेगळं आहे.

आत्याबाई धडधाकट होत्या तेव्हा सकाळी चुलीपुढं बसून चहाची कपबशी खाली ठेवताना त्या एक शब्द बोलायच्या. "आज डाळ." की त्या दिवशी डाळ भरडायची. "आज मिरच्या." की मिरच्या. "आज गोधड्या." वीस वर्षं मी तो एक शब्द ऐकला आणि वीस वर्षं मनात चरफडले. आम्हाला काही डोकं आहे की नाही? कधी मला गोधड्या धुवाव्याशा वाटायच्या आणि त्या म्हणायच्या डाळ. त्या गेल्यावर किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, आणि चहा पिऊन झाल्यावर बोलायला कुणी उरलं नाही. मी एकदम सगळ्या शब्दांच्या मागं धावायला लागले.

त्यात लग्न. आमच्यात घरचं वडीलधारं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणजे हा वैशाख हुकला की तीन वर्षं गेली. मुलगा नेवाशाकडचा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. शांत, निर्व्यसनी. दोन्ही घरांना पसंत होता आणि मुख्य म्हणजे मुलीला पसंत होता. तिनं तोंडानं तसं सांगितलं नव्हतं, पण बघून गेले त्या दिवसापासून ती विनाकारण माझ्या कामात मदत करायला लागली होती, त्यावरून आईला कळतं. आणि तीन वर्षं कोण थांबतं? पुढं ढकललं म्हणजे मोडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी बुधवारी संध्याकाळी मालक मळ्यातून आले तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "अहो, मला नाही जमायचं."

"काय नाही जमायचं?"

"लग्न. यंदा नाही निभायचं माझ्याच्यानं. त्यांना सांगून टाका."

त्यांनी टोपी काढली, झटकली, खुंटीला लावली. "काय सांगू?"

"पुढं ढकला म्हणावं."

"पुढं म्हणजे कधी, ते विचारतील की."

आत मुलगी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग जरा वेळानं पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा हळू.

"शनिवारी नेवाशाकडे जायचंच आहे बैलाच्या कामाला," ते म्हणाले. "तेव्हा सांगतो." आणि गोठ्याकडे गेले. चिडले असते तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत.

मला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. गुरुवारी मी भिंतीला दोन हात चुना ओढला, तो सोडून मिरच्यांपाशी गेले, मिरच्या सोडून गोधडीला चार टाके घातले. गव्हाच्या पातेल्याकडे ढुंकून बघितलं नाही. त्यांचं पाणी रोज बदलायचं असतं. लग्नच नाही तर कुरडया कुणाला, असं म्हणून मी ते पातेलं डोक्यातून काढून टाकलं.

दिवेलागणीच्या आधी दारात जाऊबाई आल्या.

जाऊबाई म्हणजे सख्ख्या नव्हेत, भावकीतल्या. आमच्या समोरच्या गल्लीत घर. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, अंगानं आडव्या, आवाज मळ्यात ऐकू जाईल असा. आत्याबाईंचं आणि त्यांचं फार सख्य नव्हतं, पण वाळवणाची सावड मात्र कधी चुकली नाही. सावड म्हणजे आज तुमच्या घरी आम्ही राबायचं, उद्या आमच्या घरी तुम्ही. शेतात खुरपणीला असते तशी बायकांत कुरडया-शेवयांना असते.

"काय गं धाकले, हायेस का जिवंत?"

"या ना, बसा."

"बसाया न्हाई आले." त्यांनी ओसरीवरून एक नजर फिरवली. पांढरी भिंत, धुरकट भिंती, बादली. ओठ मुडपला. "उद्या पाटंचं माझ्याकडं यायचं. चीक शिजवायचाय."

"उद्या? जाऊबाई, माझ्या घरात लग्न आहे."

"मंग माझ्या घरात काय दरोडा हाय?"

"माझेच गहू उद्या वाटायला झालेत."

"ऱ्हाऊ दे आनखी एक दिस पान्यात. गहूच हायेत, म्हस न्हाई अडलेली."

लग्न पुढं ढकलायचं ठरतंय हे त्यांना सांगावंसं वाटेना. सांगितलं असतं तर ते रात्रीत गावभर झालं असतं.

"गेल्या साली तुमच्या कुरडयांना आमी दोगी सासूसुना दिसभर राबलो. व्हय का न्हाई?"

"होय."

"आन माझ्या बारीला कोन आलं?"

"आत्याबाई पडल्या ना त्याच आठवड्यात."

"पडल्या. म्या काय त्यांच्या नावानं बोटं मोडत न्हाई. पर सावड ती सावड. त्या गेल्या, आता ती तुझ्या अंगावर आली. किल्ल्या घेतल्यास न्हवं कमरंला? मंग ही बी घे." आणि जाता जाता मागं वळून म्हणाल्या, "आन उपाशी ये. हितं चीक खायाचा हाय."

मी संतापले. संतापानं त्या रात्री स्वयंपाकघर झाडून काढलं, तेवढं एक पुरं झालं. पण सावडीला नाही म्हणता येत नाही. दुखणं असेल, बाळंतपण असेल तर चालतं. 'माझ्या घरात पसारा पडलाय' हे कारण होत नाही.

शुक्रवारी उजाडायच्या आत गेले. त्यांच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली, वर भलं मोठं पातेलं, पाणी तापत होतं. बाजूला वाटल्या गव्हाचा, गाळून रात्रभर निवळत ठेवलेला चीक. वरचं पिवळट पाणी काढून टाकलं होतं, खाली दह्यासारखा पांढरा थर. जाऊबाईंची सून, सुप्याकडची, भिंतीला टेकून उभी होती. तिचे दिवस भरत आलेले. तिला त्या धगीपाशी चीक ढवळत हाटायला उभं करणं शक्यच नव्हतं, हे मला तिथं गेल्यावर दिसलं. आदल्या दिवशी मी विचारलंही नव्हतं.

सवयीप्रमाणं मी कामाला लागले. म्हणजे काय केलं, तर खाट उन्हाच्या जागी ओढली, तिच्यावरचं धोतर मला मळकट वाटलं म्हणून दुसरं आहे का विचारलं, चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं, पाण्यात मीठ घातलंय का बघायला बोट बुडवायला निघाले.

"ए!" जाऊबाई कडाडल्या. "माझ्या घरात कारभार करायचा न्हाई."

"अहो, मी नुसतं..."

"नुसतं न्हाई आन फिसतं न्हाई. सावडीला आलीस न्हवं? सावडीची बाई सांगितलेलं काम करती. खाट कुटं घालायची, मीठ किती घालायचं, ते माझं डोकं. तुझं काम हे." आणि त्यांनी लांब लाकडी दांडकं माझ्या हातात दिलं. "हाट."

सून तोंडाला पदर लावून हसली.

कुरडयांचा चीक ज्यांनी शिजवलाय त्यांना सांगायला नको. पाणी खळखळ उकळतं, एक बाई वरून चिकाची धार सोडते आणि दुसरी हाटत राहते. हात थांबला की गाठ झाली. गाठ झाली की सोऱ्याची जाळी तुंबली आणि कुरडई तुटली. पहिल्यांदा पातळ असतं, वाटतं की काय विशेष. मग तो जड व्हायला लागतो. दांडकं ओढवत नाही. खांदे भरून येतात, धूर डोळ्यांत जातो, घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली पडू नये म्हणून मान वाकडी करावी लागते. त्या वेळात दुसरं काही मनात येऊच शकत नाही. चुना नाही, मिरच्या नाहीत, नेवासा नाही. चीक शिजला की तो चकाकायला लागतो, पांढऱ्याचा काचेसारखा होतो. तेवढं बघायचं.

"झालं," मी म्हणाले.

जाऊबाईंनी दांडक्याला लागलेला चीक पाण्याच्या बोटानं चाचपला. बोटाला चिकटला नाही. "झालं," त्याही म्हणाल्या. बाकी काही नाही.

मग सोऱ्या. सून बसल्या बसल्या गरम चिकाचे गोळे सोऱ्यात भरत होती, जाऊबाई दाबत होत्या, मी खाटेवरच्या धोतरावर फिरवून घेत होते. एक ओळ, दुसरी ओळ. खाट संपली, दुसरी आणली. उन्हं वर आली तेव्हा दोन्ही खाटा भरल्या होत्या आणि पातेलं रिकामं झालं होतं. रिकामं पातेलं बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कितीतरी दिवसांत मी एखाद्या भांड्याचा तळ बघितला नव्हता.

खाली लागलेला खरपुडा आणि मुद्दाम राखलेला चीक वाट्यांतून आला, वर दूध-साखर. सून म्हणाली, "काकी, तुमी आता जरा बसा."

"बसू नगं देऊस तिला," जाऊबाई म्हणाल्या. "बसून बसूनच तिला रोग झालाय."

मला ते लागलं. "मी बसते? मी दिवसभर उभी असते, जाऊबाई."

"उबी असती. बगती ना म्या. तुझ्या दारावरनंच पान्याला जाती रोज. सकाळी चुना, दुपारी मिरच्या, सांजच्याला गोधडी. चार दिस झाले, भिंत हाय तितंच हाय. हे बसल्यापरीस वंगाळ. बसलेल्या मानसाचं अंग तरी दुकत न्हाई."

"मग काय करू? सगळंच करायचं आहे."

"मला काय इचारती? तुझ्या घरचा कारभार तुझा." त्यांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "माझ्या घरात म्या सांगितलं, तू केलं. तुझ्या घरात कोन सांगतंय?"

"कुणी नाही."

"मंग त्येच."

पुढं त्या सुनेला म्हशीच्या पेंडीवरून बोलायला लागल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी घरी निघाले तेव्हा तळहाताला फोड आले होते. चालता चालता मला एक साधी गोष्ट कळली. जाऊबाईंच्या अंगणात त्या दिवशी कामं थोडी नव्हती. म्हशीचं बघायचं होतं, सुनेचं बाळंतपण तोंडावर होतं, घर आमच्याइतकंच जुनं होतं. पण ते सगळं जाऊबाईंच्या डोक्यात होतं, माझ्या नाही. माझ्याकडे फक्त दांडकं होतं. आमच्या घरी मी वीस वर्षं अशीच होते. आत्याबाईंनी सगळं डोक्यात ठेवलं आणि मला रोज एक शब्द दिला. मी त्याला जाच समजत होते. आता घरधनीण मीच आणि सावडीची बाईही मीच, आणि दोघी दिवसभर एकाच वेळी बोलत होत्या. घरधनीण हाटायला बसू देत नव्हती आणि हाटणारी सारखी मान वर करून सगळं घर बघत होती.

संध्याकाळी जाऊबाई हात पुसत आमच्याकडे आल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. "गहू बगू," म्हणाल्या.

"गेले असतील ते," मी म्हणाले. "पाणी बदललं नाही मी. घाला म्हशीला."

त्यांनी झाकण काढलं. पाणी नितळ होतं. त्यांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला, आणि पांढरं दूध बाहेर आलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं, मग दारातून आत चुलीपाशी बसलेल्या मुलीकडे बघितलं. मुलगी खाली मान घालून चुलीत काटक्या सारत होती. सारायची काही गरज नव्हती, चूल चांगली पेटलेली होती.

"पानी तू बदललं का गं?"

"व्हय, मोठ्या आई."

"कवापास्नं?"

"परवापासून. रोज."

म्हणजे बुधवारपासून. मी दारात उभं राहून तिचं लग्न नको म्हणाले, त्या दिवसापासून. तिनं एका शब्दानं मला काही विचारलं नव्हतं. गव्हाचं पाणी तेवढं बदलत राहिली होती.

जाऊबाईंनी झाकण ठेवलं. "आंबूस हायेत जरा. रुखवताला न्हाई चालायचे, लाल पडतील. घरात खायाला होतील. रुखवताचे दुसरे घाल." दारापाशी जाऊन म्हणाल्या, "वाटून ठीव. परवा चीक शिजवाया म्या येती. तुमची सावड फिटली, आता माझी तुमच्यावर चढू दे." आणि खालच्या आवाजात, म्हणजे फक्त आमच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या, "पोरीला लगीन करायचंय धाकले. तुलाच न्हाई करायचं."

म्हणजे मी न सांगताही त्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नाही. त्या मला बाहेर काढायला आल्या होत्या, की सुनेचे दिवस भरत आलेत म्हणून त्यांना खरोखर दोन हात हवे होते? मला वाटतं, हात हवे होते. आत्याबाईंवर चढलेली सावड त्यांना वसूलही करायची होती. त्या काही मायाळू बाई नव्हेत. पण असं असलं तरी माझ्या मनातलं त्यांचं देणं कमी होत नाही. कुणी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला असता, 'फार सोसलंस गं' म्हटलं असतं, तर मी तिथंच बसून रडले असते आणि शनिवारी नेवाशाला निरोप गेला असता. त्यांनी माझ्याकडून काम मागितलं. ज्याच्याकडून काहीच होत नाही असं त्याला स्वतःला वाटतं, त्याच्याकडे हक्कानं काम मागणं ही फार मोठी गोष्ट असते. ते मला तेव्हा अपमानासारखं वाटलं होतं.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं दुष्काळानं खाल्ली. कॅनॉल आटला, रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली, कुरडयांचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हाही सकाळी उठल्यावर कुठं धाव घ्यावी कळत नव्हतं. पाणी, वैरण, सगळंच एकदम. त्या दिवसांतही मी चहा घेऊन, चहा नसेल तेव्हा नुसतं गरम पाणी घेऊन, चुलीपुढं बसत होते आणि स्वतःला एक शब्द देत होते. आज वैरण. आज पाणी. तो दिला की घरधनीण उठून जाते आणि सावडीची बाई कामाला लागते. दुपारी ती मान वर करून विचारायला लागली की बाकीच्याचं काय, तर तिला जाऊबाईंच्या आवाजात सांगायचं, कारभार करायचा नाही. बहुतेक वेळा ती ऐकते. यंदा पुन्हा गहू पिकलेत, वाळवणं सुरू झालीत, आणि माझी पहिली सावड जाऊबाईंकडेच झाली. त्यांचा नातू आता सोऱ्यात बोटं घालायला बघतो. यंदाही त्यांनी मला खाटेला हात लावू दिला नाही.

आत्याबाईंचीही मला आता आठवण येते, आणि राग येत नाही. वीस वर्षं त्यांनी माझं डोकं हलकं ठेवलं. ते ओझं केवढं होतं हे ते माझ्या डोक्यावर आल्यावर कळलं.

तर त्या शनिवारची सकाळ. मी नेहमीच्या वेळेला उठले, म्हशीची धार काढली, चहा केला. कपबशी घेऊन चुलीपुढं आत्याबाईंच्या पाटावर बसले. तोपर्यंत त्या पाटावर मी कधी बसले नव्हते, तो भिंतीला उभाच असायचा. चहा पिऊन झाल्यावर कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आज गहू."

मुलीनं चमकून वर बघितलं. उठली आणि पाटा-वरवंटा धुवायला बाहेर घेऊन गेली.

मालक कोट घालून, टोपी नीट करून ओसरीवर आले. बैलाच्या कामाला निघाले होते. चप्पल घालता घालता थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग? काय सांगू तिकडं?"

कोनाड्यातला सोऱ्या मी त्यांच्या हातात दिला. "बैलाचं पुढच्या आठवड्यात बघा. आधी सुताराकडं जा. दांडा तडकलाय, नवा बसवून आणा. उद्या लागणार आहे."

त्यांनी सोऱ्या उलटा-सुलटा करून बघितला. "आणि तिकडं?"

"तिकडं काही सांगायचं नाही."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, कारण सुताराकडं जायला कोट लागत नाही, आणि सोऱ्या काखेत मारून निघाले. जाताना चुन्याच्या बादलीला पाय लागला, तर म्हणाले, "ही बाजूला तरी ठेव."

"आज नाही," मी म्हणाले. "आज गहू."

बादली तिथंच राहू दिली. मिरच्यांवर एक जुनं लुगडं टाकलं, म्हणजे त्या दिसणार नाहीत. गव्हाचं पाणी काढून टाकलं, पदर खोचला, आणि मी वरवंटा घेऊन बसले. मुलगी ओंजळीनं गहू पाट्यावर घालत होती, मी वाटत होते. पातेल्याचा तळ दिसेपर्यंत उठले नाही.